ब्लॉगचा विषय आणि गरियाहाटचा बाजार

नव्या ब्लॉगसाठी कमाईचा विषय निवडताना तीन गोष्टी जुळून याव्या लागतात. त्या विषयावर माहिती शोधणारे लोक हवेत. त्या लोकांच्या हातून काही खरेदी होणार असावी, म्हणजे त्यांच्यापर्यंत पोहोचायला पैसे मोजणारा कोणीतरी असतो. आणि लिहिणाऱ्याला त्यातले असे काही ठाऊक हवे, जे चार ठिकाणचे वाचून जुळवता येत नाही. पहिल्या दोन गोष्टींची चौकशी बहुतेक जण करतात. तिसरीकडे दुर्लक्ष होते आणि ब्लॉग बंद पडतात ते बहुधा तिथेच.

दक्षिण कोलकात्यातला बालीगंज हा भाग या तिन्ही गोष्टी तपासून पाहायला फार चांगला आहे. रासबिहारी अ‍ॅव्हेन्यू आणि गरियाहाट रोड एकमेकांना छेदतात तो गरियाहाटचा चौक, भोवतीची साड्यांची दुकाने, पदपथावरचे फेरीवाले, मासळीबाजार, गोलपार्कजवळचे जुन्या पुस्तकांचे ठेले, रामकृष्ण मिशनची इन्स्टिट्यूट ऑफ कल्चर, कलकत्ता विद्यापीठाचे विज्ञान महाविद्यालय, दुर्गापूजेचे मोठे मंडप असे सगळे इथे जवळजवळ आहे. इथे राहणाऱ्या मराठी माणसाने ब्लॉग काढायचा ठरवला तर विषयांना तोटा नाही. त्यातला कोणता पोसेल, एवढाच प्रश्न उरतो.

त्याचे उत्तर शोधण्याआधी पैसा कुठून येतो ते नीट समजून घ्यायला हवे. ब्लॉगचे उत्पन्न मुख्यतः चार वाटांनी येते. पहिली वाट गूगलच्या अ‍ॅडसेन्ससारख्या जाहिरातींची. ही सेवा २००३ साली सुरू झाली. पानावरची जागा लिलावाने विकली जाते आणि जाहिरातदार देतो त्यातला साधारण ६८ टक्के वाटा ब्लॉगच्या मालकाला मिळतो. दुसरी वाट दलालीची: वाचकाने ब्लॉगवरच्या दुव्यावरून एखाद्या ऑनलाइन दुकानात जाऊन खरेदी केली की लिहिणाऱ्याला ठरलेली टक्केवारी मिळते. तिसरी प्रायोजित लेखांची. चौथी स्वतःचा माल किंवा स्वतःची सेवा विकण्याची, मग तो माल साडी असो, पुस्तक असो की शिकवणी.

विषय बदलला की या चार वाटांचे महत्त्व बदलते. एक काल्पनिक हिशेब मांडून पाहता येईल. समजा, कविता आणि ललित लेखनाच्या ब्लॉगला महिन्याला दहा हजार पाने वाचली जाण्याइतका वाचक आहे आणि दर हजार पानांमागे जाहिरातीचे साठ रुपये मिळतात. महिन्याचे झाले सहाशे रुपये. अ‍ॅडसेन्स १०० डॉलर जमल्याशिवाय पैसे पाठवत नाही. या वेगाने पहिली रक्कम हातात पडायला वर्षाहून अधिक काळ लागेल. आता समजा, साडीखरेदीवरचा एकच लेख महिन्याला हजार जणांनी वाचला, त्यातल्या दहा जणींनी तीन हजारांची साडी घेतली आणि दलाली पाच टक्के ठरली. दीड हजार रुपये होतात. वाचक दहापट कमी, मिळकत अडीचपट. फरक एवढाच की दुसऱ्या ठिकाणी वाचक काहीतरी ठरवायला आलेला असतो. ‘कोणती घेऊ’, ‘कितीला मिळते’, ‘खरी कशी ओळखू’, ‘कुठे उतरू’ अशा प्रश्नांमागे खर्च उभा असतो. कमाईचे विषय बहुतेक या प्रश्नांच्या आसपास सापडतात.

हे गणित इंटरनेटच्या आधीपासूनचे आहे. १९२० साली किर्लोस्करवाडीहून शं. वा. किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढली ती कारखान्याचे पत्रक म्हणून. लोखंडी नांगर विकणाऱ्या कंपनीला आपल्या गिऱ्हाइकांशी आणि कामगारांशी बोलायचे होते. वाचक कोण आणि त्याला काय हवे, हे त्यामुळे पहिल्या अंकापासून ठरलेले होते. पुढे वाचकवर्ग पसरला तसे १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही वेगळी मासिके निघाली. एकाच अंकात सगळ्यांना कोंबण्याऐवजी प्रत्येक वाचकवर्गाला स्वतंत्र दार देण्याचा हा विचार होता. कमलाबाई ओगल्यांचे ‘रुचिरा’ १९७० साली आले तेव्हा पाककृतींची पुस्तके काही नवी नव्हती. पण घरापासून दूर संसार मांडणाऱ्या मुलीला ‘अंदाजाने’ हा शब्द उपयोगाचा नव्हता. तिला वाटी-चमच्याचे माप हवे होते आणि ते या पुस्तकाने दिले. सकाळ समूहाने २००५ साली ‘अ‍ॅग्रोवन’ हे फक्त शेतीचे दैनिक सुरू केले. रोज एक अख्खा अंक एकाच धंद्यावर काढता येईल का, अशी शंका घ्यायला जागा होती. दैनिक टिकले, कारण बियाणे, खते, अवजारे, ठिबक यांचे जाहिरातदार आणि शेतकरी वाचक एकाच पानावर येत होते.

बालीगंजमध्येही ‘वाचक कोण आणि त्याला काय हवे’ या प्रश्नाचे एक वेगळे उत्तर दिले गेले. कवी बुद्धदेव बसूंनी १९३५ साली ‘कविता’ हे त्रैमासिक सुरू केले आणि ते १९६१ पर्यंत चालवले. त्यात फक्त कविता आणि कवितेवरचे लेखन. १९३७ पासून त्यांचे घर आणि त्रैमासिकाचा पत्ता एकच होता: २०२, रासबिहारी अ‍ॅव्हेन्यू, ‘कविता भवन’. धंद्याच्या हिशेबाने हा विषय कोणी सुचवला नसता. तरीही विक्रीचा विचार तिथे झालाच. ‘एक पयसाय एकटि’ ही त्यांची पुस्तिकामाला सोळा पानांची असे आणि किंमत चार आणे, म्हणजे त्या काळचे सोळा पैसे. एक पैशाला एक कविता, हे वचन मालिकेच्या नावातच होते. जीवनानंद दास यांचे ‘बनलता सेन’ १९४२ साली याच मालेतून पहिल्यांदा वाचकांच्या हातात गेले. नफा फारसा नसलेला विषयसुद्धा नेमका वाचक ओळखून आणि त्याला परवडेल अशा आकारात बेतला तर पाव शतक चालतो. ज्याला कवितेवरच लिहायचे आहे त्याने हे उदाहरण जरूर डोळ्यांसमोर ठेवावे. फक्त त्यातून घरभाडे निघेल असे गृहीत धरू नये.

विषयाआधी भाषा ठरते. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे सुमारे ८.३ कोटी होते आणि भारतात बंगाली सांगणारे सुमारे ९.७ कोटी. बंगालीला शेजारी बांगलादेशाचा वाचकही आहे. इंग्रजीत लिहिले तर वाचक जगभराचा आणि जाहिरातीचे दरही चढे, पण स्पर्धाही तेवढीच. कोलकात्याच्या खाण्यावर, जुन्या वाड्यांवर, पूजेवर इंग्रजीत आणि बंगालीत लिहिणारे पुष्कळ आहेत, आणि त्यातले कित्येक या शहरात जन्मलेले. त्यांच्याशी त्यांच्याच मैदानात बरोबरी करण्यात मराठी लेखकाचा फायदा नाही. मराठीची बाजू वेगळी आहे. अ‍ॅडसेन्सने भारतीय भाषांपैकी आधी २०१४ मध्ये हिंदी स्वीकारली आणि पुढच्या काही वर्षांत बंगाली, तमिळ, तेलुगू, मराठी यांनाही दार उघडले. मराठीत जाहिरातीचा दर इंग्रजीच्या तुलनेत कमी पडतो, पण कित्येक साध्या प्रश्नांची चांगली उत्तरे मराठीत अजून लिहिलेलीच नाहीत. मोकळी जागा तिथे आहे.

कोलकात्यातले मराठी वाचक कोण, हेही पाहिले पाहिजे. हाजरा रोडवरचे महाराष्ट्र निवास हे इथल्या मराठी माणसांच्या जमण्याचे ठिकाण आहे, आणि हाजरा रोडचे पूर्वेकडचे टोक बालीगंज फाडी या चौकालाच येऊन मिळते. विटा, खानापूर, आटपाडी भागातले गलाई व्यावसायिक सोने गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पांगले, तसे कोलकात्यालाही आले. बँका, केंद्र सरकारच्या कचेऱ्या आणि संशोधनसंस्था यांच्या बदल्यांवर येणारी कुटुंबे वेगळी. तरी एकट्या कोलकात्यातल्या मराठी वाचकांवर ब्लॉग चालणार नाही, ती संख्या लहान आहे. खरा वाचक महाराष्ट्रात बसलेला आहे. तो गीतांजली किंवा आझाद हिंद एक्स्प्रेसने हावड्याला उतरणार आहे, कालीघाट, दक्षिणेश्वर, बेलूर पाहणार आहे. नाहीतर तो घरबसल्या बंगालची साडी मागवणार आहे. ‘कोलकाता’ हा विषय त्याच्यासाठी फार मोठा आणि पसरट आहे. त्याचे प्रश्न लहान असतात: हावड्याहून गरियाहाटला कसे जायचे, साडी घ्यायला एक दुपार पुरेल का, तांत साडी पहिल्यांदा कशी धुवायची.

या शेवटच्या प्रश्नाशी थोडे थांबायला हवे, कारण चांगला विषय किती खोल जाऊ शकतो ते त्यात दिसते. बंगालच्या तांत, म्हणजे सुती हातमागाच्या, साड्या मराठी बायकांना नव्या नाहीत. पण इरकल, नारायणपेठ किंवा पैठणीबद्दल जी जाण घरातच मिळते, ती तांत साडीबद्दल मिळत नाही. दुकानात घडी कडक, चकचकीत दिसते. घरी पाण्यात पडली की मऊ पडते, आणि साडी खोटी निघाली असे वाटते. प्रत्यक्षात तो ताठपणा खळीचा असतो. नदिया जिल्ह्यात शांतिपूर-फुलिया भागात सुताला लाह्यांची खळ देण्याची पद्धत आहे. धुतल्यावर पुन्हा खळ दिली की साडी उभी राहते. पारंपरिक तांत साडीला बऱ्याचदा ब्लाउजपीस नसतो, आणि साडेपाच मीटरच्या आसपासची ती साडी नऊवारीला पुरणार नाही, हेही महाराष्ट्रातून मागवणाऱ्या बाईला आधी सांगावे लागते.

पुढचा प्रश्न खऱ्या-खोट्याचा. यंत्रमागाचा माल हातमागाच्या नावाने विकला जातो, हे गरियाहाटमध्ये काय किंवा दादरमध्ये काय, गिऱ्हाइकाला सतावणारे दुखणे आहे. जामदानी घ्यायची असेल तर साडी उलटी करून पाहावी. हाताने विणलेल्या जामदानीत नक्षीचा जादा धागा प्रत्येक बुट्टीपुरता आत गुंफलेला असतो, त्यामुळे मागची बाजूही बऱ्यापैकी स्वच्छ दिसते. यंत्रमागाच्या नकलेत दोन बुट्ट्यांमधले लोंबते धागे कापलेले असतात आणि पाठीला त्यांची टोके बोटांना लागतात. हातमागावर कापड ताणून धरणाऱ्या पट्टीच्या टोकांची बारीक भोके काठाजवळ दिसू शकतात. हातमागासाठी हँडलूम मार्क आणि रेशमासाठी सिल्क मार्क ही चिन्हे आहेत, त्यांची चिठ्ठी मागून घेता येते. हे सगळे दोन छायाचित्रांसह, एकाच साडीची पुढची आणि मागची बाजू शेजारी ठेवून दाखवले, तर त्या लेखाला वर्षानुवर्षे वाचक येत राहतील. अशी छायाचित्रे बालीगंजमध्ये राहणारा माणूस एका दुपारी काढून आणू शकतो. पुण्यात बसून ते जमत नाही.

एका साडीच्या धाग्याला धरून विषयाच्या कितीतरी फांद्या निघतात. शांतिपूर, फुलिया, धनियाखाली, बेगमपूर यांच्या साड्यांतला फरक. विष्णुपूरच्या बालुचरीच्या पदरावरची चित्रे. बीरभूमचे कांथाकाम. टांगाइलचे विणकर फाळणीनंतर फुलियाला आले आणि तिथे त्यांनी वसाहत उभी केली, सहकारी संस्था काढल्या. जानेवारी २०२४ मध्ये ‘बंगालची टांगाइल साडी’ हिला भारतात भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा बांगलादेशातून तीव्र नाराजी उमटली, कारण टांगाइल हा जिल्हा तिकडे आहे. त्याच वेळी गरद आणि कोरियाल या रेशमी साड्यांनाही मानांकन मिळाले. या प्रत्येक फांदीला वाचक आहे आणि बहुतेक फांद्यांना खरेदीची बाजूही आहे. पदपथावर घासाघीस कशी चालते, ढाकुरियाच्या दक्षिणापणमधल्या सरकारी दुकानांत भाव ठरलेले असल्याने तिथे आधी एक फेरी मारली तर किमतीचा अंदाज कसा येतो, हेही लिहिण्यासारखे आहे. आणि बालीगंज स्थानकावरून सियालदा आणि तिथून शांतिपूर लोकल पकडली की लेखक एका दिवसात मागापर्यंत जाऊन येऊ शकतो. विषय निवडताना ‘मला यात किती रस आहे’ याच्याइतकेच ‘मला इथपर्यंत किती सहज जाता येते’ हे विचारले पाहिजे.

अंदाज बांधून झाला की तो पडताळायचा. गूगलच्या चौकटीत ‘तांत साडी’ एवढे लिहून थांबले की खाली पुढची वाक्ये आपोआप येतात. लोक खरोखर काय विचारतात त्याचा तो पहिला पुरावा. मराठी माणूस देवनागरीत, रोमन लिपीत आणि अर्ध्या इंग्रजीत अशा तिन्ही तऱ्हांनी शोधतो, म्हणून तिन्ही तऱ्हा लिहून पाहाव्यात. गूगल ट्रेंड्सवर एखाद्या शब्दाचा शोध कोणत्या महिन्यात आणि कोणत्या राज्यात वाढतो ते दिसते. जाहिरातदारांसाठी असलेल्या कीवर्ड प्लॅनरमध्ये त्या शब्दासाठी साधारण काय बोली लागते तेही कळते. बोली चढी असेल तर कोणीतरी त्या वाचकासाठी पैसे मोजतो आहे. पण आकड्यांपेक्षा उपयोगी पडते ते साधे काम: शोधाच्या पहिल्या पानावरचे दहाही निकाल उघडून शेवटपर्यंत वाचणे. तिथे सरकारी खात्याची, मोठ्या वृत्तपत्रांची आणि बड्या दुकानांचीच पाने असतील तर नव्या ब्लॉगला वर यायला जागा नाही. मोघम, एकमेकांवरून उतरवलेले लेख असतील, वाचकाचा प्रश्न अर्धवट सोडलेला असेल, तर तो प्रश्न घ्यावा. हे काम कंटाळवाणे आहे आणि म्हणूनच बरेच जण ते टाळतात.

ट्रेंड्सचा आलेख पाहिला की हंगामाचा मुद्दा येतो. बालीगंजमध्ये हंगाम म्हणजे पूजा. एकडालिया एव्हरग्रीन, सिंघी पार्क, बालीगंज कल्चरल, मॅडॉक्स स्क्वेअर ही नावे त्या दिवसांत शहरभर होतात. कोलकात्याची दुर्गापूजा डिसेंबर २०२१ मध्ये युनेस्कोच्या यादीत आल्यापासून बाहेरच्या प्रवाशांचे कुतूहलही वाढले. २०१५ साली जवळच्या देशप्रिय पार्कमध्ये अतिप्रचंड मूर्ती उभारली गेली आणि गर्दी आवरेना म्हणून दर्शन पंचमीलाच बंद करावे लागले. सगळा देश दोन दिवस त्याबद्दल शोधत होता आणि आठवड्याने तो शोध थांबला. अशा लाटेवर उभा केलेला ब्लॉग वर्षातले अकरा महिने रिकामा पडतो. उलट ‘पूजेत गरियाहाट परिसरात कुठे उतरावे, रस्ते कधी बंद होतात, म्हाताऱ्या आईवडिलांना मंडप कसे दाखवावेत’ असा लेख दरवर्षी तारखा बदलून पुन्हा वापरता येतो. तो पूजेच्या तोंडावर लिहून भागत नाही. गूगलला पान शोधून वर आणायला वेळ लागतो आणि तिकिटे तर कितीतरी आधी काढली जातात, त्यामुळे जून-जुलैतच तो तयार हवा. साड्यांचाही हंगाम असतो: पूजेआधीची खरेदी, आणि बंगाली नववर्षापूर्वी गरियाहाटमध्ये लागणारा चैत्र सेल, जो मराठी घरात गुढीपाडव्याच्या मागेपुढे येतो. मुख्य विषय बारमाही ठेवावा आणि हंगामी लेख त्याच्या कडेला असावेत, हा बेत बरा.

काही विषय दुरून फार लाभाचे दिसतात. विमा, कर्ज, शेअर बाजार, परदेशी शिक्षण यांच्या जाहिरातींचे दर चढे असतात, म्हणून नवखा लेखक तिकडे ओढला जातो. पण आरोग्य आणि पैसा यांसारख्या विषयांवर चुकीची माहिती वाचकाचे खरे नुकसान करते. तिथे गूगल लिहिणाऱ्याची पात्रता अधिक कडकपणे पाहते आणि कायदाही आडवा येतो. मोबदला घेऊन गुंतवणुकीचा सल्ला द्यायचा तर सेबीच्या २०१३ च्या नियमांनुसार नोंदणी लागते. नोंदणी नसताना सल्ला देणाऱ्यांशी शेअर दलालांसारख्या नोंदणीकृत संस्थांनी संबंध ठेवू नये, असेही सेबीने २०२४ मध्ये ठरवले. औषधांच्या चमत्कारिक दाव्यांवर १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. सनदी लेखापाल किंवा डॉक्टर असलेल्याने हे विषय जरूर घ्यावेत, मराठीत त्यांची फार गरज आहे. बाकीच्यांनी त्यात हात घालू नये. नोकरभरतीच्या जाहिराती आणि सरकारी योजना हा दुसरा मोह. वाचक अमाप, पण शेकडो ठिकाणी तेच परिपत्रक छापलेले असते आणि जो पहिला टाकतो त्यालाच वाचक मिळतो. एकट्या माणसाचा त्यात दम निघतो.

मग ज्यावर मनापासून प्रेम आहे त्या विषयाचे काय? बालीगंजमध्ये याचे उत्तम उदाहरण संगीताचे आहे. डोव्हर लेनच्या नावाची संगीत परिषद १९५२ साली सुरू झाली. जानेवारीत रात्रभर चालणाऱ्या तिच्या मैफली आता नजरुल मंचावर होतात. टॉलीगंजच्या संगीत रिसर्च अकादमीत पंडित उल्हास कशाळकरांसारखा मराठी गुरू १९९० च्या दशकापासून शिष्य घडवत आला आहे. मराठी रसिकासाठी यावर लिहिण्यासारखे पुष्कळ आहे. मात्र राग आणि घराण्यांवरच्या लेखांच्या शेजारी जाहिरात लावायला फारसे कोणी येत नाही. इथे पहिल्या तीन वाटांनी पैसा येणार नाही, चौथीने येऊ शकतो: ऑनलाइन शिकवणी, तानपुरा कसा निवडावा आणि कुठून घ्यावा याचे मार्गदर्शन, मैफलीसाठी येणाऱ्या रसिकांच्या राहण्याची-तिकिटांची व्यवस्था. प्रेमाचा विषय सोडून देण्याचे कारण नाही. त्यातला खर्चाचा प्रश्न शोधावा लागतो, आणि तो सापडलाच नाही तर ब्लॉग हौस म्हणून चालवायचा की नाही, ते आधीच ठरवलेले बरे.

गेल्या काही वर्षांत या सगळ्या हिशेबात मोठा बदल झाला आहे. २०२४ पासून भारतातही गूगल शोधाच्या वरच कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेले उत्तर दाखवू लागले. ‘तांत म्हणजे काय’, ‘दुर्गापूजा कधी आहे’ यांसारख्या प्रश्नांचे उत्तर तिथेच मिळते आणि वाचक पुढे येत नाही. व्याख्या, याद्या, तारखा यांवर उभे राहिलेले विषय त्यामुळे पोकळ झाले. उरले ते प्रत्यक्ष पाहणीचे विषय. या आठवड्यात अमुक दुकानात धनियाखाली कितीला होती, कोणत्या मागावर कोणती नक्षी चालू आहे, तीन वेळा धुतल्यावर रंग कसा राहिला, याचे उत्तर आधी कोणीतरी जाऊन, हाताळून, लिहून ठेवावे लागते. गूगलने आपल्या गुणवत्तेच्या निकषांत डिसेंबर २०२२ मध्ये ‘अनुभव’ ही कसोटी वेगळी जोडली ती याच दिशेने. नव्या लेखकासाठी ही आशेची गोष्ट आहे, कारण बालीगंजच्या एका गल्लीची खडान्खडा माहिती असलेला माणूस इथे मोठ्या संस्थळापेक्षा पुढे राहू शकतो.

विषयाला पैसा जोडला की प्रामाणिकपणाचे नियमही येतात. दुकानदाराने साडी भेट दिली आणि तिच्यावर लेख लिहिला, तर ते लेखात स्पष्ट सांगावे लागते. जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये आणि केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये याबद्दलच्या सूचना काढल्या आहेत. वर्षभरात अशा भेटी किंवा सवलती वीस हजार रुपयांच्या वर गेल्या तर देणाऱ्याने दहा टक्के कर कापावा, असा नियम १ जुलै २०२२ पासून लागू झाला. लेखकाच्या बाजूने पाहिले तर नियमापेक्षाही मोठे कारण आहे. साड्यांच्या विषयात सगळी मिळकत एका गोष्टीवर टेकलेली असते: हा माणूस खोट्या साडीला खरी म्हणणार नाही, या वाचकाच्या खात्रीवर. ज्या विषयात भेटवस्तू देणाऱ्याला दुखवल्याशिवाय खरे लिहिता येत नसेल, तो विषय कितीही कमाईचा दिसला तरी टिकत नाही.

एवढे झाल्यावर निवड पक्की करण्याआधी एक चाचणी घ्यावी. विषय कागदावर लिहून त्याखाली तीस लेखांची शीर्षके काढावीत, प्रत्येक शीर्षक वाचकाच्या तोंडच्या प्रश्नाच्या रूपात. दहाव्या-बाराव्याला हात थांबला तर विषय फार अरुंद आहे, किंवा लिहिणाऱ्याला तो पुरेसा ठाऊक नाही. तीसच्या तीस शीर्षकांचे वाचक वेगवेगळे निघाले, एकाला साडी हवी, दुसऱ्याला संदेश-रसगुल्ला, तिसऱ्याला रवींद्रनाथ, तर विषय फार पसरट आहे. मग त्यातली आठ-दहा शीर्षके लिहून काढावीत आणि चार-सहा महिने गूगलच्या सर्च कन्सोलचे आकडे पाहावेत. तिथे दोन रकाने महत्त्वाचे: पान शोधात किती वेळा दिसले आणि किती जणांनी उघडले. दिसते पुष्कळ पण उघडत कोणी नाही, तर शीर्षक बदलावे. दिसतच नाही, तर स्पर्धा जास्त आहे किंवा तो प्रश्न कोणी विचारत नाही. कधी कधी असेही होते की लेख लिहिला साडीच्या इतिहासावर, आणि वाचक येतात ते त्यात जाता जाता आलेल्या ‘खळ कशी द्यावी’ या दोन ओळींसाठी. अशा वेळी त्या दोन ओळींचा स्वतंत्र लेख करावा, पुढचे चार लेख त्याच्या आजूबाजूला लिहावेत आणि ब्लॉगचे नाव एवढे मोकळे ठेवावे की ‘गरियाहाटच्या साड्या’ यावरून पुढे विष्णुपूरच्या प्रवासापर्यंत किंवा कांथाच्या शिकवणीपर्यंत जाताना ते आड येणार नाही.